गांधीजी, शेळीचं दूध आणि न सापडलेली वनस्पती

गेल्या महिन्याभरात तुमच्याकडून आलेल्या मेसेजमध्ये एक विषय सारखा डोकं वर काढतोय. दूध सोडायचंय, पण चहाचं काय करू? दहीभाताला पर्याय काय? आजी म्हणते दूध सोडलंस तर हाडं ठिसूळ होतील, तिला काय सांगू?

आपला पॉडकास्ट इतिहासाचा आहे, त्यामुळे बदामाच्या दुधाची रेसिपी मी काही सांगणार नाही. (एक-दोन गोष्टी ओघात येतील, कान उघडे ठेवा.) पण हे प्रश्न ज्या माणसाला आयुष्यभर छळत राहिले, त्याची गोष्ट सांगता येईल. त्याने दूध सोडलं, आजारी पडला, परत धरलं, आणि दुधाला पर्याय शोधायची धडपड तीस वर्षं चारचौघांत केली. तुम्ही त्याला नोटेवर रोज बघता.

व्हीगन हा शब्द १९४४ सालचा. गांधीजींनी दूध सोडलं १९१२ मध्ये, म्हणजे शब्द जन्माला यायच्या बत्तीस वर्षं आधी.

पण त्याआधी थोडं लंडनला जाऊन येऊ. १८८८ साली मोहनदास बॅरिस्टर व्हायला तिकडे गेला, तेव्हा मांस खाणार नाही असा शब्द आईला देऊन गेला होता. सुरुवातीला उपासमारच. मग फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी खाणावळ सापडली आणि तिथेच हेन्री सॉल्ट नावाच्या लेखकाचं शाकाहारावरचं पुस्तक विकत मिळालं. तोवर हा मुलगा शब्द दिलाय म्हणून शाकाहारी होता. पुस्तक वाचल्यावर पटलं म्हणून झाला.

तिथल्या शाकाहारी मंडळींत मांसाच्या व्याख्येवरून वाद चालायचे. काहींच्या मते मांस म्हणजे फक्त पशुपक्ष्यांचं, मासे चालतील. काहींच्या मते मासेही मांसच, पण अंडी चालतील. आणि काही कडक मंडळींच्या मते अंडी आणि दूधसुद्धा त्यातच. मोहनदासने काही दिवस सोयीची व्याख्या धरली आणि अंडी खाल्ली. मग त्याला वाटलं, शब्द ज्या आईला दिला तिच्या मनात मांसाचा अर्थ काय होता? तिच्या लेखी अंडं म्हणजे मांसच. झालं, अंडी बंद. आणि मग उपाहारगृहात केक आला, पुडिंग आलं, की विचारणं आलं, यात अंडं आहे का हो? आज पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचत 'मिल्क सॉलिड्स' शोधणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

हा अंड्याचा किस्सा लक्षात ठेवा. व्रताचा अर्थ देणाऱ्याच्या मनाप्रमाणे लावायचा, शब्दांतून पळवाट काढायची नाही, हे त्यांनी विशीच्या उंबरठ्यावर ठरवलं होतं. पुढे हेच त्यांच्या अंगावर येणार आहे.

आता दक्षिण आफ्रिका. जोहान्सबर्गजवळ त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख यांच्या अकराशे एकर जमिनीवर १९१० मध्ये टॉलस्टॉय फार्म उभा राहिला होता. तिथे १९१२ मध्ये या दोघांनी मिळून दूध सोडलं. कारणं दोन. एक ब्रह्मचर्याचं: दुधाने वासना चाळवते असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांच्या डोक्यात घातलं होतं श्रीमद राजचंद्रांनी. हे कारण आज फार कुणाला पटणार नाही, मलाही पटत नाही. दुसरं कारण मात्र आजच्या कुठल्याही व्हीगन माणसाला नवं वाटणार नाही. कलकत्त्याहून त्यांच्याकडे काही छापील मजकूर आला होता. तिथल्या गोठ्यांमध्ये गायी-म्हशींनी जास्त दूध द्यावं म्हणून त्यांच्या योनीमार्गात नळीने हवा फुंकत. याला 'फुंका' म्हणत. हा शब्द पुढे थेट कायद्यात गेला. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं बारावं कलम खास या प्रकारावर बंदी घालतं.

म्हणजे दूध सोडलं ते हे वाचून. मग खायचं काय? शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्ह तेल. तब्येत चांगली राहिली, चालणं-फिरणं दणक्यात. सहा वर्षं निघाली.

आता १९१८. गांधीजी भारतात येऊन तीन वर्षं झालेत. पहिलं महायुद्ध चालू आहे आणि ते खेडा जिल्ह्यात गावोगाव पायी फिरून ब्रिटिश सैन्यात भरती व्हा म्हणून सांगतायत. (हो, अहिंसावाले गांधीजी. त्यावर वेगळा भाग करू.) लोक दाद देत नव्हते, मुक्काम-जेवणाचे हाल होते आणि आहार मुख्यतः शेंगदाण्याचं बटर आणि लिंबू. रोज तेच, आणि भरपूर. पोट बिघडलं, आव पडू लागली. त्यांनी एक दिवस उपास केला, जरा बरं वाटलं.

तेवढ्यात आला सण. कस्तुरबांनी घरात गोड केलं: गव्हाची लापशी. लापशी म्हटलं की तूप आलंच, पण यांना तूप चालत नाही, म्हणून बांनी ती तेलात केली. सोबत वाटीभर मूग. आज ज्याला आपण व्हीगन व्हर्जन म्हणतो ना, ते बांनी १९१८ मध्ये चुलीवर केलं होतं, नवऱ्याच्या हट्टापायी. गांधीजी त्या दिवशी जेवणार नव्हते. बांचं मन राखायला थोडंसं खाऊ म्हणून बसले आणि चवीला भुलून पोटभर जेवले. तासाभरात पोटात असह्य कळा. आव इतकी जोराची की पुढे कित्येक दिवस आपण आता जगत नाही असं त्यांना वाटत होतं. औषध घ्यायचं नाही, इंजेक्शन नको, दूध नको.

या आजारपणात डॉक्टरांची रीघ लागली. त्यांत एक केळकर नावाचे गृहस्थ होते. अंगाला बर्फ लावून उपचार करायचे, म्हणून सगळे त्यांना बर्फवाले डॉक्टर म्हणत. त्यांच्या बर्फाने थोडी हुशारीही वाटू लागली. मग केळकरांनी हळूच अंड्याचं सुचवलं: अंडी दुधासारखीच निरुपद्रवी, शिवाय ज्यांतून पिल्लू येतच नाही अशीही अंडी बाजारात मिळतात. गांधीजी नाही म्हणाले. हवापालट म्हणून माथेरानला नेलं, तर तिथलं पाणी जड, ते सोसेना. तिथून मुंबई.

मुंबईत शंकरलाल बँकरांनी त्यांना डॉ. दलालांकडे दाखवलं. डॉक्टर सरळ बोलणारे. दूध घेतल्याशिवाय मी तुमचं शरीर पुन्हा उभं करू शकत नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. गांधीजी म्हणाले, इंजेक्शन द्या, पण दुधाचं मला व्रत आहे. कसलं व्रत, असं डॉक्टरांनी विचारल्यावर त्यांनी फुंक्याची सगळी हकीकत सांगितली. खाटेजवळ बा उभ्या होत्या. त्या मध्येच बोलल्या: मग शेळीच्या दुधाला तर तुमची हरकत नसणार.

डॉक्टरांनी ते वाक्य अलगद झेललं. आणि गांधीजी कबूल झाले. १९१९ साल उजाडता उजाडता शेळीचं दूध सुरू झालं. ऑपरेशन झालं, अंगात ताकद आली आणि त्या वर्षी काही आठवड्यांतच रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह उभा राहिला.

बांचं हे वाक्य अनेकदा विनोद म्हणून सांगतात. मला ते तसं वाटत नाही. ज्या बाईने तेलातली लापशी करून वाढली, तिच्याच ताटातून हा आजार सुरू झाला होता. महिनोनमहिने नवरा खाटेवर, मरणाच्या गोष्टी बोलतोय. तिने व्रत मोडायला सांगितलं नाही. व्रतातली फट शोधून दिली.

गांधीजींना मात्र ही फट कधीच पचली नाही. आत्मकथेत ते स्पष्ट लिहितात की व्रत घेताना डोळ्यांसमोर गाय आणि म्हैसच होती हे खरं, पण त्या व्रतात सगळ्याच जनावरांचं दूध आलं. आपण अक्षर पाळलं आणि आत्मा मारला. आठवतंय ना लंडनचं अंडं? तिथे अर्थ आईच्या मनातला धरला होता. इथे स्वतःच्या मनातला अर्थ माहीत असून शब्दाचा आधार घेतला. जगायची इच्छा, लढा पुढे न्यायची इच्छा जास्त जोरदार ठरली, हेही ते लपवत नाहीत. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, तेव्हा तिथल्या शाकाहारी संस्थेपुढे बोलताना, व्यासपीठावर म्हातारे हेन्री सॉल्ट बसलेले असताना, दूध सुटत नाही ही आपल्या आयुष्याची शोकांतिका असल्याचं त्यांनी उघड सांगितलं. दांडीयात्रा करून आलेला माणूस दुधाच्या वाटीला शोकांतिका म्हणतोय.

आणि हा माणूस नुसता खंत करत बसणारा नव्हता. शोध चालू होता.

आता या, वर्ध्याला. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, म्हणजे मगनवाडीत, त्याचं ठाणं. जे. सी. कुमारप्पा कारभार बघतायत, घाणी फिरतेय, हातकागद बनतोय आणि भोजनगृहात गांधीजींचे प्रयोग चालू आहेत. कच्चा पाला काय, चिंच काय. तिथे राहणाऱ्यांच्या जिभेची कीव येते कधीकधी. १९३५ मध्ये या ताटात एक नवीन पदार्थ आला: सोयाबीन.

तेव्हा आपल्याकडे सोयाबीन कुणाच्या ओळखीचं नव्हतं. पण बडोद्यात, सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात, त्यावर काम चाललं होतं. एफ. एस. काळे या तिथल्या अधिकाऱ्यांचं सोयाबीनवरचं अख्खं पुस्तक १९३६ मध्ये निघालं. लागवडीपासून स्वयंपाकापर्यंत सगळं त्यात. गांधीजींनी 'हरिजन'मधून सोयाबीनवर लिहिलं, मगनवाडीत ते शिजवून वाढलं. भरपूर प्रथिनं, भरपूर स्निग्धांश, आणि गरिबाला परवडेल असं. दुधाची जागा घेणारी वनस्पती शोधणाऱ्याला आणखी काय हवं?

गंमत बघा. त्याच १९३६ साली शांघायमध्ये हॅरी मिलर नावाचा अमेरिकन मिशनरी डॉक्टर सोयादुधाचा कारखाना काढत होता. पुढच्याच वर्षी जपानी हल्ल्यात तो बेचिराख झाला. १९४० मध्ये हाँगकाँगला के. एस. लो यांनी व्हिटासॉय सुरू केलं, ते आजही मिळतं. त्याच्याही आधी, १९१० च्या आसपास, ली यू-यिंग हा चिनी तरुण पॅरिसजवळ सोयादुधाचा कारखाना चालवत होता. चीनमध्ये तर सोयाबीन दळून, उकळून, गाळून प्यायची रीत जुनीच. वर्ध्यात मात्र सोयाबीन राहिलं उसळीच्या रूपात, कडधान्य म्हणून. आपल्याकडे कडधान्य आलं की हात आपोआप कुकरकडे जातो, तेव्हा पातेल्याकडे गेला इतकंच. शिवाय सोयाबीनला एक उग्र हिरवट वास असतो. दाणा थंड पाण्यात वाटला की त्यातलं एक एन्झाइम जागं होतं आणि हा वास तयार होतो. उकळत्या पाण्यात वाटलं तर ते एन्झाइम मरतं आणि वास येत नाही, ही युक्ती अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शोधली गेली १९६० च्या दशकात. घरी करून बघणाऱ्यांनी ही नोंद घ्या: भिजवा, सालं काढा, आणि वाटताना पाणी कडकडीत उकळतं घाला.

वर्ध्यानंतर पुणे. ऑगस्ट १९४२, चले जाव, अटक, आगाखान पॅलेस. तिथे कैदेत बसून ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये गांधीजींनी आरोग्यावरचं छोटं पुस्तक लिहिलं. वय ७३. त्यात दुधाबद्दल ते काय म्हणतात? की दूध हा प्राणिज पदार्थ आहे, काटेकोर शाकाहारात तो बसत नाही. की आपल्याला तो सोडता आला नाही. आणि की एवढ्या अफाट वनस्पतिसृष्टीत दुधाची जागा घेईल असं काहीतरी नक्की असणार, वैद्य-डॉक्टरांनी ते शोधावं. तीस वर्षांच्या प्रयोगांनंतर माणूस पुन्हा तिथेच उभा आहे, आणि तरी खात्रीने सांगतोय की असणारच.

याच आगाखान पॅलेसमध्ये २२ फेब्रुवारी १९४४ ला बा गेल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, तिकडे इंग्लंडमध्ये, डोनाल्ड वॉटसन नावाच्या सुतारकाम शिकवणाऱ्या शिक्षकाने मूठभर मित्रांबरोबर एक संस्था काढली. शाकाहारी संस्थेने दूध न घेणाऱ्यांना आपल्या मासिकात वेगळी जागा द्यावी असं त्यांनी सुचवून पाहिलं होतं, ते नाकारलं गेलं होतं. मग वेगळी चूल. नाव हवं होतं. इंग्रजीतल्या 'व्हेजिटेरियन' शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं घेतली: 'व्हीगन'.

आता या कथेतला खरा पेच. वॉटसनच्या मंडळींनी निश्चयात गांधीजींपेक्षा काही कमी केलं नाही. तरी १९५० च्या दशकात ब्रिटनमधल्या व्हीगन लोकांची डॉक्टरांनी तपासणी केली, तेव्हा काहींच्या जिभा सोलवटलेल्या, काहींच्या हातापायांना मुंग्या. कारण होतं बी-१२ जीवनसत्त्व. ते वनस्पती बनवत नाहीत आणि प्राणीही स्वतः बनवत नाहीत, फक्त जिवाणू बनवतात. गायीच्या पोटातल्या जिवाणूंकडून ते दुधात येतं. आपल्याकडच्या शाकाहारी माणसाला ते मिळतं मुख्यतः दूध-दही-ताकातूनच.

आणि हे बी-१२ पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं केलं गेलं १९४८ मध्ये, अमेरिकेत मर्क कंपनीत आणि इंग्लंडमध्ये ग्लॅक्सो कंपनीत, जवळपास एकाच वेळी. गांधीजी गेले ते वर्ष. म्हणजे ते ज्या एकट्या वनस्पतीची वाट बघत होते, ती सापडणं शक्यच नव्हतं, आणि हे त्यांना सांगू शकेल असा माणूस त्यांच्या हयातीत पृथ्वीवर नव्हता. त्यांची आव काही बी-१२ ने झालेली नव्हती, ती गोष्ट वेगळी. पण दूध नुसत्या शेंगदाण्याने किंवा नुसत्या सोयाबीनने भरून निघत नाही, ही त्यांची शंका रास्त होती. (ग्लॅक्सोचं मूळही मजेशीर. ही कंपनी वाढली तान्ह्या बाळांच्या दूधपावडरीवर. गुटगुटीत पोराला 'ग्लॅक्सो बेबी' म्हणणाऱ्या पिढीला विचारा. दूध विकणाऱ्या कंपनीने दूध सोडणाऱ्यांची अडचण सोडवली.)

इंग्लंडात १९५६ मध्ये लेस्ली क्रॉस यांच्या पुढाकाराने वनस्पतिजन्य दूध बनवण्यासाठी वेगळी संस्थाच निघाली आणि १९६५ मध्ये त्यांचं 'प्लामिल' हे सोयादूध डब्यात बंद होऊन बाजारात आलं. वॉटसन स्वतः ९५ वर्षं जगले, २००५ मध्ये गेले.

मग आपल्याकडे? आपल्याकडे कोकणाने हा प्रश्न दुधाचा म्हणून कधी मांडलाच नाही. मालवणात शिरवाळ्यांबरोबर गूळ घातलेला नारळाचा रस, जेवणानंतर सोलकढी. नारळ काढायला झाड आहे, मग म्हशीच्या मागे कोण लागतो? पण नारळाच्या रसात स्निग्धांश भरपूर आणि प्रथिनं अगदी कमी, म्हणजे चव भागते, दुधाची बाकी कामं राहतात. दूध एकटं बरीच कामं करत असतं ना: चहा पांढरा करणं, विरजण लागणं, प्रथिनं, कॅल्शियम, बी-१२. ओटचं दूध चहात बरं लागतं, पण प्रथिनांत सोया दुधाच्या बरंच मागे राहतं, शेंगदाण्याच्या दुधाचं दही लावणारे लोक आहेत, आणि बी-१२ वरून घातलेलं असलं तरच असतं. पाकिटावर बघा, नाहीतर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. आजीचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, एवढंच तिला सांगा.

सरकारदरबारी या सगळ्याला 'दूध' म्हणता येत नाही. दूध म्हणजे सस्तन प्राण्याचं, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये बजावलं, म्हणून पाकिटावर 'ड्रिंक' किंवा 'बेव्हरेज' दिसतं. २०२२ पासून व्हीगन पदार्थांसाठी हिरव्या व्ही अक्षराचं चिन्हही आलंय. नारळाच्या दुधाला मात्र दूध म्हणायची सवलत आहे. कोकण जिंकलं.

मधल्या काळात म्हैसूरच्या अन्नतंत्रज्ञान संस्थेने शेंगदाण्यातलं प्रथिन वेगळं काढून म्हशीच्या दुधात मिसळलं आणि 'मिल्टोन' नावाचं पेय बनवलं. बंगळूरमध्ये ते बाटल्यांतून मिळायचं. तेव्हा देशात दुधाची टंचाई होती, दूध पुरवून वापरायचं होतं. १९७० मध्ये ऑपरेशन फ्लड सुरू झालं, दुधाचा महापूर आला आणि पर्याय शोधायची निकड कुणालाच उरली नाही.

आणि सोयाबीन? ते आलंच. गांधीजींनी ज्या वर्ध्यात ते ताटात वाढलं, त्या विदर्भात आणि शेजारच्या मराठवाड्यात आज कापसाच्या जोडीला मैलोनमैल सोयाबीन उभं असतं. ऑक्टोबरमध्ये बाजार समितीत पोत्यांच्या थप्प्या लागतात, भाव पडले की आंदोलनं होतात. त्यातलं तेल निघतं आणि उरलेली प्रथिनांची पेंड बहुतांश जाते कोंबड्यांच्या खाद्यात.

बाकी 'टोन्ड दूध' ही भानगड मुंबईतच जन्मली, आणि आरे कॉलनीची गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे. ती पुढच्या भागात. तोवर हा भाग आजीला ऐकवा आणि ती काय म्हणाली ते कळवा.